घोडं कुठे पेंड खातंय

अंगरक्षकाची नोकरी सुटल्यापासून त्याला घरात चैन पडत नव्हतं. "तुझ्या डोक्यावरचं माझं ओझं एकदाचं उतरवून टाकतो," असं तो आज सकाळीच बायकोला म्हणाला होता. आता स्वतःचं पिस्तूल साफ करून जोडायला बसला, तर ते काही केल्या जुळेना. त्याने टेबलाखाली पाहिलं, सतरंजी झटकली, पुन्हा येऊन बसला, पुन्हा उठला.

"अहो, घोडं कुठे पेंड खातंय?" बायकोने दारातून विचारलं.

"स्प्रिंग मिळत नाहीये. इथेच तर काढून ठेवली होती."

"उडाली असेल कुठेतरी," म्हणत तीही शोधायला खाली वाकली.

तिच्या अंबाड्यातून स्प्रिंगचं टोक डोकावत होतं.



त्याला ते दिसलं, तरी तो कपाटाखाली हात घालून शोधत राहिला.