विटकरी लोकर

महिपतीतात्या डेअरीत दूध घालून परत चालले होते. रतनच्या अंगणात तारेवर लोकरीचं पांघरूण वाळत होतं. ते दिसलं तसे ते थांबले. किटली फाटकापाशी ठेवून आत आले आणि पांघरुणाचं एक टोक हातात धरून उभे राहिले.

रतन दारात आली. दिवाळीनंतर तिच्या फाटकातून आत आलेलं हे पहिलंच माणूस.

"बसा की तात्या."

तात्या बसले नाहीत. "ही विटकरी लोकर कुठली म्हणायची?"

"तुमच्याच घरची. दिवाळीला कपाट आवरलं तवा उत्कर्षानं पिशवी आणून दिली."

उत्कर्षा त्यांची सून. गल्लीतल्या सगळ्याच बायका उरलीसुरली लोकर रतनला आणून देत. रतन तिचे क्रोशाच्या सुईनं चौकोन विणायची आणि चौकोन जोडून पांघरूण करायची. मुलगा चाकणला नोकरीला होता, घरात ती एकटीच. एक पांघरूण तिच्या पलंगावर होतं, एक मुलाच्या रिकाम्या पलंगावर, दोन पेटीत. हे पाचवं. ते कुणासाठी, हे तिनं ठरवलं नव्हतं.

"त्या पिशवीत स्वेटर हुता का?" तात्यांनी विचारलं. "अर्धा. सुयांवरच हुता."

होता. पाठीचा भाग, बगलेपर्यंत आलेला. सारजाकाकी, तात्यांची बायको, गेल्या थंडीत अचानक गेली. सकाळी हिंडतफिरत होती आणि संध्याकाळी नव्हती. आता हा कोण पुरा करणार, असं वाटून रतननं तो स्वेटर एका बैठकीत उसवून टाकला होता.

"न्हाय तात्या," ती म्हणाली. "नुसतं गुंडं हुतं."

"आसंल." तात्यांनी मान हलवली. "मला वाटलं कपाटातच हाय. वरीस झालं, पर कपाट उघडायला हात हुईना."

पांघरुणाचं टोक त्यांनी सावकाश सोडलं, चुरगळलं होतं तिथं हात फिरवून सरळ केलं आणि किटली उचलून निघून गेले.

त्या दिवशी दुपारी रतननं पांघरूण खाली घेतलं आणि कात्रीनं विटकरी चौकोन सुटे केले. अकरा निघाले. ते उसवून लोकर कोमट पाण्यातून काढली, वाळवली, गुंडाळली. काकीच्या सुया तिच्याकडेच होत्या. टाके किती होते ते आठवत होतं, खालची पट्टी चार बोटं होती तेही आठवत होतं. चार दिवस ती विणत बसली. रविवारी मुलाचा फोन आला.

"काय करतीयास?"

"काय न्हाय. बसलीया."

बगलेपर्यंत आल्यावर ती थांबली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तात्यांचा मुलगा आणि सून कामावर गेलेली बघून ती त्यांच्याकडे गेली. तात्या परसात उन्हाला बसले होते. तिनं पिशवीतून स्वेटर काढून पुढं केला.

"सापडला तात्या. पिशवीच्या तळाला हुता. मी धड बघितलंच न्हवतं."

तात्यांनी धोतराला हात पुसले आणि तो घेतला. उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला. मग दोन बोटांनी वीण ताणून पाहिली.

"सुया तिच्याच हायत," ते म्हणाले. "वीण तिची न्हाय. तिचा हात लय ढिला. तिनं केलेल्या स्वेटरात माझी बोटं आरपार जायची. ही घट्ट हाय."

रतनला मान वर करवेना. "मी उसवला तात्या. मला ठावं न्हवतं तुमी त्याची वाट बघताय ते. चुकलं माझं."

तात्यांनी स्वेटर मांडीवर ठेवला. भिंतीपलीकडून उसाचा ट्रॅक्टर गेला. रतन जायला वळली.

"म्हंजी तुमी बघितला हुता त्यो," तात्या म्हणाले.

"व्हय."

"म्या न्हाय बघितला. रोज फुडं बसून इणायची, पर माझं ध्यान कुठं असायचं." त्यांनी शेजारची प्लॅस्टिकची खुर्ची ओढली. "बसा. कसा हुता ते सांगा."

रतन खुर्चीच्या कडेवर बसली. हातानं दाखवत सांगायला लागली. पट्टी ढिली होती, हे खरं. मध्यावर एक टाका सुटला होता, काकीला तो तीन ओळींनी दिसला असणार. तिथून तिनं तो वर उचलून घेतला होता. डाव्या बाजूला विणीत एक केस अडकला होता.

"पांढरा?"

"पांढरा. लांब हुता."

तात्यांनी मान हलवली. "आन् शेवटाला?"

"शेवटाला ओळ अर्धीच हुती. तेवढं एक मला कळलं न्हाय तात्या. ओळ पुरी केल्याबिगर कुणी सुया खाली ठिवत न्हाय."

तात्या मांडीवरच्या स्वेटरकडे बघत होते.

"त्या दिवशी म्याच हाक मारली हुती," ते म्हणाले. "च्या ठेव म्हणून."