टणक कवच

डॉक्टर विद्वांसांनी कासवाच्या पाठीवर अंगठा दाबून पाहिला आणि त्या ओरडल्याच, "मेधाविनी, अगं, कवच टणक आहे!"

चंद्रावरच्या वस्तीत जन्मलेली याआधीची सगळी कासवं मऊ कवचाची आणि वाकड्या पायांची निघाली होती. इथल्या कमी गुरुत्वाकर्षणात हाडं बळकट होतच नसत. म्हणूनच वस्तीत एकही मूल नव्हतं. मेधाविनीची सहा वर्षांची रेवासुद्धा नाशिकला आजोबांकडे वाढत होती.

"अजून बऱ्याच तपासण्या कराव्या लागतील," डॉक्टर म्हणाल्या, "पण मुलांना इथे आणायचा विषय आता मी स्वतः काढणार."

मेधाविनीने तिथूनच घरी फोन लावला.

"रेवा, आपलं कासव काय मस्त वाढलंय! मी त्याच्या तयार खाद्याच्या गोळ्या बंद केल्या. त्याला गवत आणि जास्वंदीची पानं देते, कॅल्शियम मिळावं म्हणून कुरतडायला समुद्रफेस देते. वर उन्हासारखा दिवा लावलाय. आणि पानं लांब लांब टाकते, म्हणजे खायचं तर चालावंच लागतं. त्याची हाडं पक्की झाली गं! आता कदाचित तुलाही इथे येता येईल."

पृथ्वीवरून उत्तर यायला नेहमीसारखाच थोडा वेळ लागला.

"मग मलापण पानं खावी लागतील?" रेवाने विचारलं.

मेधाविनीला हसता हसता रडू फुटलं. "नाही गं राणी! पण चालावं मात्र खूप लागेल."

मग फोन कुठेतरी आपटल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ रेवाची आरोळी, "आजोबा, माझे बूट कुठायत?"