पेरांवरची बेरीज

"बाहेरची मदत आढळली. उत्तर बाद," संगणकाचा पडदा म्हणाला. पहिलीची घरबसल्या परीक्षा चालली होती. आणखी एक उत्तर बाद झालं, तर मैनाला पुन्हा पहिलीतच बसावं लागणार होतं.

"अरे, पेरांवर मोजतेय ती! बोटं तिचीच आहेत ना?" दामूआजोबा कडाडले. चाळीस वर्षं शाळेत त्यांनी असंच शिकवलं होतं.

"दोन्ही हात टेबलावर सपाट ठेव. सात अधिक सहा किती?" पडद्याने विचारलं.

मैनाने हात ठेवले. टेबलाखाली तिच्या पायांची सहा बोटं एकेक करून हलली.

"तेरा."

"शाबास! हे खरं शिकणं," पडदा म्हणाला.

"आजोबा, त्याला सांगू नका हं," मैना त्यांच्या कानात पुटपुटली.

आजोबांनी टेबलाखाली तिच्या पायांकडे पाहिलं. पोरगी बेरीज त्यांच्याकडून शिकली होती, आणि चोरून मोजणं पडद्याकडून.