मागचं चाक

देवस्थळीसाहेबांनी विमानाचं मॉडेल टीपॉयवर ठेवलं आणि उदयच्या मुलीचा, मुक्ताचा हात हळूच बाजूला सारला. “अंहं! गोंद वाळायचाय अजून.”

“अंकल, व्हेअर इज द फॅन?”

“हीच तर गंमत आहे!” साहेब उदयकडे वळले. सुट्टीचा शुक्रवार, स्वतःचं घर, तरी उदय ताठ बसला होता. “पंख्याचं फायटर होतं हे, रशियनांचं. लढाई संपली, आता जेट हवं. नवं विमान बनवायला वेळ कुणाला? नाकातलं इंजिन काढलं, तिथंच जेट बसवलं. पंख तेच, शेपूट तेच. आपण शुऐबाच्या प्लांटवर वेगळं काय केलं? डिझेल इंजिन काढलं, गॅस टर्बाइन टाकलं. पंपहाउस तेच, वरची केबिन तीच. त्या केबिनला कायमचा माणूस हवाय मला. कॉन्ट्रॅक्ट वाढवून देतो, उदय. हो म्हण.”

उदयची मान हलायला लागली होती. वीणानं चहाचा कप मध्येच पुढे केला.

“साहेब, ह्याची आग कुठून बाहेर पडते?”

“वा, वहिनी!” साहेब खूश झाले. त्यांनी विमानाच्या पोटाखाली बोट नेलं. “इथून, थेट मागे. मागचं चाक रबराचं होतं, ते जळायला लागलं. मग लोखंडी बसवलं. काय डोकं बघा!”

“आणि चालवणारा?”

“तो वरच. होता तिथंच.”

“आगीवर?”

“खाली पत्रा ठोकला ना. थोडं तापायचं, धूर यायचा. पण उडालं की नाही?”

“चाक जळताना दिसलं, चाक बदललं.” वीणाचा आवाज चढला. “वर बसलेल्याला कुणी विचारलं?”

“वीणा,” उदय पुटपुटला, “साहेब आपल्या घरी आलेत.”

“आलेत ना? मग बघून जाऊ देत.”

ती दाराशी गेली. उदयचे कामाचे बूट उचलून आणले आणि विमानाशेजारी उपडे ठेवले. केबिनच्या लोखंडी जाळीचे चौकोन तळाच्या रबरात खोल रुतले होते. टाचेकडचं रबर पाघळून कडेनं ओघळलं होतं.

“तुमच्या केबिनमध्ये उभं राहून झालेत हे. घरी आले की तळव्यांना ओला टॉवेल गुंडाळून बसतात. मुलीला सांगतात, खेळ आहे. आणि तिथं तुम्ही ह्यांना कायमचं ठेवणार?”

साहेबांनी एक बूट उचलला. उजेडाकडे धरून नीट पाहिला. त्यांचा चेहरा खरोखरच कळवळला.

“अहो वहिनी, हे आधी नाही का सांगायचं? उद्याच्या उद्या जाड तळाचे मागवतो. नंबर काय रे, उदय?”

 उदयनं आपले अनवाणी पाय हळूच खुर्चीखाली ओढून घेतले.