नऊ नंबरची पट्टी

नऊ नंबरची पट्टी वाईसच्या लोखंडी जबड्यात आवळून वेल्डिंगच्या मास्तरांनी हातोड्याचे चार ठोके घातले, आणि सांधा मधोमध उकलला.

"परत बघता का एकदा?" मुख्याध्यापिका बाईंनी विचारलं.

मास्तरांनी सांधा बोटाने चाचपला. आत नखाएवढी पोकळी होती. वरून मात्र काम असं देखणं, की दृष्ट लागावी. देखण्या कामाने मास्तरांना आजवर पुष्कळदा तोंडघशी पाडलं होतं, म्हणून ते हातोड्याशिवाय कुणावर विश्वास ठेवत नसत.

तरी सकाळपासून स्वारी खुशीत होती. शाळेने यंदा नवा नियम काढला होता. परीक्षेच्या पट्ट्यांवर नावं नाहीत, फक्त नंबर. नावांची यादी बाईंच्या कपाटात. बाकीच्या शिक्षकांनी नाकं मुरडली, मास्तरांनी मात्र नियम उचलून धरला. बॉयलरच्या कारखान्यात कच्चा हात पाठवणं म्हणजे माणसांच्या जिवाशी खेळ, हे ते वीस वर्षं कानीकपाळी ओरडत होते. जो नापास होईल त्याने तीन महिने मागच्या बाकावर बसून पहिल्यापासून शिकायचं, हे कलमही त्यांनीच हट्टाने घालायला लावलं होतं.

पण या पट्टीवर त्यांचं बोट थबकलं. हात ओळखीचा होता. सांध्यावर एकसारख्या बारीक लाटा, शेवटी किंचित उजवीकडे झुकलेल्या. वर्गात असं काम एकटी चिमणी करायची. ती त्यांची सगळ्यात लाडकी विद्यार्थिनी. मास्तर करतील ते जसंच्या तसं उचलणारी. येत्या सोमवारी तिला कारखान्यात रुजू व्हायचं होतं. तिच्या आईचं गल्लीभर सांगूनही झालं होतं.

बाई म्हणाल्या, एवढी एक सोडून देऊ या, गेल्या वर्षी अशा कितीतरी सोडल्याच की. मास्तरांना मोह झाला नाही असं नाही. हातोडा या हातातून त्या हातात गेला. मग त्यांनी मान हलवली.

"आज सोडली तर उद्या तिथे कुणीतरी भाजून मरेल, बाई. नापास लिहा. माझ्या पोटचं पोर असतं तरी हेच सांगितलं असतं."

"नक्की?"

"नक्की. तीन महिने मागचा बाक."

बाईंनी लिहिलं. मास्तरांना वाईट वाटलं, पण त्याहून जास्त हलकं वाटलं. इतक्या वर्षांत आज आपण खरे मास्तर शोभलो, असं मनात येऊन ते स्वतःशीच हसले.

बाईंनी कपाटातून यादी काढून त्यांच्यापुढे सरकवली. मास्तरांनी भीतभीतच बोट फिरवलं. चिमणीचा नंबर चार होता, आणि ती पट्टी सकाळीच हातोड्याला पुरून उरली होती, म्हणजे चांगली पास.

नऊ नंबरपुढे बाईंच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: 'मास्तर स्वतः. मंगळवारी वर्गाला करून दाखवलेला नमुना.'