गुलाबी हात

पडद्यावरच्या म्हाताऱ्याचे हात पुन्हा गुलाबी आले.

चेहरा ठीक, दाढीचे खुंट ठीक, मांडीवरच्या मोडक्या छत्रीची काडी न् काडी ठीक. मनगटाच्या पुढे मात्र भडक, डोळ्यांत घुसणारा गुलाबी रंग. ती खुर्चीवरून उठली, खिडकीपर्यंत गेली, परत येऊन बसली. गुलाबीचा अर्थ तिला पाठ होता. तिच्या अॅनिमेशन फिल्मची चित्रं दूरवरची भाड्याची मशीन्स काढत होती आणि त्यांना म्हाताऱ्याच्या हातांवर चढवायचे खऱ्या कातडीचे फोटो सापडत नव्हते.

तिने प्रोजेक्टचं फोल्डर उघडलं. फोटो तर समोर होते. पण त्या छोट्या प्रती, आपलं मशीन अडखळू नये म्हणून कामापुरत्या घेतलेल्या. खरे, मोठे फोटो दुसऱ्या डिस्कवर होते आणि पाठवलेला सीन अजून त्या डिस्कवरच ते शोधत होता. डिस्क बारक्याची, तिच्या धाकट्या भावाची. भांडणाच्या दिवशी ती बॅगेत टाकून तो जो गेला, तो परत आला नव्हता. सगळं एका फोल्डरमध्ये बांध आणि मगच पाठव, असं ती त्याला उठताबसता ऐकवायची. या वेळी तिने स्वतःच बांधलं नव्हतं. बांधायचं तर आधी त्याच्याकडे डिस्क मागावी लागली असती.

तिने छोट्याच प्रती जोडून एक चित्र काढून पाहिलं. हात आले, पण रबरी मोजे चढवल्यासारखे. अख्खी फिल्म त्या हातांवर उभी होती. संध्याकाळी ती द्यायची. नाही दिली तर महोत्सवातली जागा दुसऱ्याला जाईल, हे संयोजकबाईंनी अगदी गोड आवाजात बजावलं होतं.

ती कॅमेरा घेऊन आतल्या खोलीत गेली. बाबा पलंगावर बसून चष्मा पुसत होते.

"बाबा, हात दाखवा जरा. फोटो काढायचेत."

"काढलेत की एकदा. बारक्याने अर्धा दिवस बसवून ठेवलं होतं मला. नाक खाजवायची चोरी."

"ते त्याच्याकडे राहिले."

"मग त्याच्याकडून घे."

"बाबा, वेळ नाहीये हो. पाच मिनिटांचं काम आहे."

"फोन त्याहून कमी वेळात होतो." बाबांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि दोन्ही हात काखेत घालून टाकले.

"हे काय लहान मुलासारखं?"

"लहान मुलं कोण आहेत ते दिसतंय मला. एक तिकडे तोंड फुगवून बसलंय, एक इकडे. काढ, असाच काढ फोटो."

तिने त्यांचं मनगट धरून ओढून पाहिलं. बाबा हलेनात. उलट तिच्याकडे बघून हसले, ते तिला अजिबात आवडलं नाही.

ती बाहेर आली. फोन उचलला, ठेवला. पाणी प्यायली. मधल्या वेळात आपोआप सुधारलं असेल अशा आशेने पुन्हा चित्र उघडलं. मग उभ्याउभ्याच नंबर लावला.

पहिल्याच रिंगला आवाज आला. "हातांचे पाहिजेत ना?"

"बाबांनी सांगितलं तुला?"

"बाबा कशाला सांगतील? सकाळपासून त्या भाड्याच्या मशीन्सचे मेल येतायत. फाइल सापडली नाही. परत, फाइल सापडली नाही. डोकं उठलं माझं. चढवायला लावलेत मघाशीच. येतील तुझ्या फोल्डरमध्ये."

"तुला कसे काय मेल येतात?"

"काम अडलं की ज्यांना कळवायचं, त्यांत माझा पत्ता आहे अजून. अकाउंट तू चालवतेस, ताई. काढायला एक टिचकी पुरते."

"राहून गेलं असेल."

"तुझ्याकडून? फाइलच्या नावात एक रेघ चुकली तर जेवू द्यायची नाहीस तू मला."

काम पाठवायच्या पानावर त्याचा पत्ता तिच्या पत्त्याच्या खालीच असायचा. आज सकाळीही तो तिने पाहिला होता आणि पान पुढे सरकवलं होतं.

पडद्यावर फोल्डर हललं. फाइली एकामागून एक उतरायला लागल्या. ती हळूच खुर्चीत बसली.

"डावा तळवा आला?" त्याने विचारलं.

"आला."

"उजवा?"

"आला. बोटंही आली."

"मग झालंच की. अंगठा तेवढा बघ, तो शेवटचा. आला की ठेवतो मी."

अंगठा आला होता. नखाशेजारचा जुना व्रण, त्याच्याभोवतीच्या बारीक सुरकुत्या, सगळं स्वच्छ दिसत होतं.

"नाही अजून," ती म्हणाली. "थांब जरा. ठेवू नकोस."