मिस्त्रींचं खातं

शिलाई मशीनचं पान उघडायला जावं, तर समोर जुगाराची जाहिरात. सकाळपासून दोघातिघांनी फोन करून सांगितलं. साइट ज्यांच्या सर्व्हरवर होती त्या कंपनीचाही निरोप आला: संध्याकाळपर्यंत कचरा साफ करा, नाहीतर साइट बंद.

म्हणून भाऊजी छापखाना कामगारांवर टाकून वहिनींच्या शिवणकामाच्या दुकानात येऊन बसले होते. कापायच्या टेबलावर अस्तराचे तुकडे बाजूला सारून लॅपटॉप ठेवला होता. शेजारी वहिनी एका कोटाची बाही उसवत होत्या.

साइट त्यांच्या नवऱ्याची. लोक त्यांना मिस्त्रीच म्हणत. जन्मभर शिलाई मशीनं दुरुस्त केली आणि शेवटी शेवटी फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर ही साइट उभी करून, हातात होतं ते सगळं तिथं लिहून ठेवलं. तेही फुकट. हिवाळ्यात ते गेले.

"दादाच्या खात्यातून आत शिरलेत," भाऊजी म्हणाले. "पासवर्ड काय ठेवला होता त्यानं?"

वहिनींनी कात्री खाली ठेवली. "बेबी."

"बेबी?"

"मला माहेरी म्हणतात."

"अहो वहिनी, अर्ध्या जगाला माहेरी बेबी म्हणतात!"

वहिनींना हसू आलं, पण ते टिकलं नाही. "म्हणजे चोर माझ्या नावानं आत आला."

"मनाला लावून घेऊ नका. असले पासवर्ड पहिल्या झटक्यात ओळखले जातात."

भाऊजींनी घुसवलेली पानं एकेक करून काढली. सॉफ्टवेअर नवं करून घेतलं. साइट पुन्हा पहिल्यासारखी दिसू लागली. आता राहिलं होतं ते फक्त मिस्त्रींचं खातं. ते उडवलं की चोराची वाट कायमची बंद. भाऊजींनी 'हटवा' दाबलं.

खातं लगेच गेलं नाही. पडद्यावर प्रश्न आला: या सदस्याच्या लेखनाचं काय करायचं? खाली दोनच पर्याय. सगळं लेखन हटवा. किंवा, सगळं लेखन दुसऱ्या सदस्याच्या नावे करा.

भाऊजींनी माऊसवरचा हात उचलला आणि लॅपटॉप वहिनींकडे वळवला.

वहिनींनी दोनदा वाचलं. "लिहिलेलं जाता कामा नये."

"मग दुसरा पर्याय. तुमचं खातं काढू, तुमच्या नावावर करू."

"मी त्यातलं एक अक्षर लिहिलेलं नाही."

"बरं, मग माझ्या..."

वहिनींनी नुसतं पाहिलं. "भाऊजी, तुम्हाला सुईत दोरा ओवता येत नाही."

भाऊजी ओशाळले. "मला हवंय म्हणून म्हणालो नाही, वहिनी."

"ठाऊक आहे मला." त्यांनी गळ्यातली टेप काढून बोटाला गुंडाळायला सुरुवात केली. "ज्यांनी हे सॉफ्टवेअर बनवलंय त्यांनाच विचारा ना."

"त्यांचं दुकान थोडंच आहे फोन करायला? ज्याला जमेल तो बनवतो, ज्याला वेळ असेल तो उत्तर देतो. पैसे कुणालाच मिळत नाहीत."

"मग यांच्यासारखीच माणसं असणार. विचारा."

भाऊजींनी मदतीच्या पानावर मोडक्यातोडक्या इंग्रजीत प्रश्न टाकला. आज काही उत्तर येत नाही, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. वहिनींनी पुन्हा बाही घेतली. ती पूर्ण उसवून होण्याआधीच उत्तर आलं. कुठल्यातरी देशातली कुणी बाई होती. भाऊजी एकेक वाक्य सावकाश मराठीत सांगू लागले.

"खातं हटवू नका. पासवर्ड बदला, आणि त्यांची भूमिका 'काहीही नाही' अशी करा. लेखांवर त्यांचं नाव तसंच राहील, पण त्या खात्यातून कुणालाच काही करता येणार नाही. आमचा एक सहकारी गेला तेव्हा आम्ही हेच केलं." भाऊजी थांबले. मग घसा खाकरून शेवटची ओळ वाचली. "तुम्ही लिहिलं नाहीत, पण तुमच्याकडेही तसंच झालं असावं असं वाटलं. सांभाळून राहा."

वहिनींनी बाही मांडीवर ठेवली.

"म्हणजे नाव त्यांचं राहणार," वहिनी म्हणाल्या, "फक्त त्यांचं काही चालणार नाही?"

"तसंच."

"लग्न झाल्यापासून या घरात दुसरं काय होतं?"

भाऊजी आधी दचकले, मग खो-खो हसले. वहिनीही हसल्या, इतक्या की डोळे पुसावे लागले, आणि पुसून झाले तरी पुसतच राहिल्या. भाऊजी तेवढा वेळ पडद्याकडे बघत बसले.

मग त्यांनी पासवर्ड बदलला, आणि पुढच्या कामाला वहिनींनी स्वतःच हात पुढे केला. भूमिकांची यादी उघडून 'काहीही नाही' निवडलं आणि बटण दाबलं.

भाऊजींनी साइट उघडून दाखवली. प्रत्येक लेखाखाली नाव जागच्या जागी होतं. एका लेखाखाली आजच कुणा शिवणाऱ्या बाईनं लिहिलं होतं. भाऊजींनी ते मोठ्यानं वाचलं: "मिस्त्रीकाका, शाळेचे गणवेश उद्या द्यायचेत आणि मशीन सारखा दोरा तोडतंय. काय करू?"

"हिला कळलेलं दिसत नाही," भाऊजी हळूच म्हणाले. "सांगायला हवं."

"सांगू नंतर. आत्ता ती बिचारी अडून बसलीय." वहिनींनी स्टूल ओढून लॅपटॉपजवळ घेतलं. "लिहा, आधी सुई बदलून बघ."